ईश्वरनिंदेच्या खटल्यातील फिर्यादी

फौजदारी कायद्यातील बहुतेक गुन्ह्यांत अपकार कोणावर झाला हे दाखविता येते. चोरीत ज्याची वस्तू गेली तो दाखविता येतो, मारामारीत ज्याचे डोके फुटले तो दाखविता येतो; खुनात मेलेला मनुष्य बोलू शकत नसला तरी त्याचे प्रेत साक्ष देते. ईश्वरनिंदेच्या गुन्ह्यात मात्र ज्याची निंदा झाली असे म्हणतात, तो आजवर एकाही न्यायालयात हजर झालेला नाही. आस्तिकाच्या मते ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तेव्हा त्याला शिपायाच्या दंडुक्याची गरज नाही. नास्तिकाच्या मते तर फिर्यादीच अस्तित्वात नाही. दोन्ही पक्षांचा तर्क एकाच ठिकाणी येऊन पोहोचतो, आणि तरीही हा कायदा शतकानुशतके जगला. कित्येक देशांत तो आजही जोमाने जगत आहे. हे कसे झाले, ह्याचा थोडा ऐतिहासिक विचार येथे करावयाचा आहे. आम्ही ईश्वराचे अस्तित्व मानीत नाही, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. वाचकांनी आमचे विवेचन ते ध्यानात ठेवूनच पारखून घ्यावे.

ह्या विचारासाठी आम्ही इंग्लंडचा इतिहास निवडला आहे. तेथील खटल्यांच्या हकिकती तपशीलवार उपलब्ध आहेत, हे एक कारण. आणि आपल्याकडील दंडसंहिता इंग्रज कायदेपंडितांच्याच हातून उतरली, हे दुसरे.

१६५६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात जेम्स नेलर नावाचा क्वेकर पंथाचा एक उपदेशक भर पावसात घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरात शिरला. येशू ख्रिस्ताने जेरुसलेम नगरीत जसा प्रवेश केला, तसाच हा प्रवेश होता. सोबतचे अनुयायी स्तोत्रे गात होते. प्रत्येक मनुष्याच्या अंतरात ख्रिस्ताचा प्रकाश वास करतो, आणि त्या प्रकाशाची खूण म्हणून आपण हे केले, असे त्याचे म्हणणे. जीवात शिव पाहणाऱ्या आपल्याकडील एखाद्या वारकऱ्यास ह्यात निंदा कोठे आहे हे शोधूनही सापडले नसते. परंतु पार्लमेंटाने स्वतः ह्या मनुष्याचा न्याय करावयास घेतला. देहान्ताची सूचना ८२ विरुद्ध ९६ मतांनी फेटाळली गेली, आणि ‘दया’ म्हणून जी शिक्षा ठरली ती अशी : लंडनच्या रस्त्यांतून ३१० फटके, मान व हात फळीत अडकवून भर चौकात उभे करणे, तापलेल्या सळईने जीभ भोसकणे, कपाळावर डाग देणे, ब्रिस्टलात पुन्हा फटके, आणि शेवटी कैद. नेलर १६५९ साली सुटला आणि पुढल्याच वर्षी वारला. येथे फिर्यादी साक्षात ईश्वर मानला गेला होता, आणि त्याच्या वतीने पार्लमेंट बोलत होते. आरोपी मात्र नास्तिक नव्हता. पार्लमेंटाच्या सभासदांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, तो ईश्वरावर विश्वास ठेवणारा होता.

वीस वर्षांनी फिर्यादी बदलला. १६७६ साली सरे परगण्यातील जॉन टेलर नावाच्या एका शेतकऱ्याने ख्रिस्ताविषयी अत्यंत अभद्र उद्गार काढले आणि धर्म ही निव्वळ फसवणूक आहे असे तो म्हणाला. असे अपराध पूर्वी धर्मपीठाच्या अखत्यारीतले समजत; राजाच्या न्यायालयाने त्यांत का पडावे, असा प्रश्न उपस्थित झाला. सरन्यायाधीश सर मॅथ्यू हेल ह्यांनी त्याचे जे उत्तर दिले ते पुढे दीडदोनशे वर्षे प्रमाण ठरले. ख्रिस्ती धर्म हा इंग्लंडच्या कायद्याचाच एक भाग आहे. धर्म ही फसवणूक आहे असे म्हणणे म्हणजे ज्या बंधनांनी समाज एकत्र राहतो ती तोडणे होय. म्हणून हा अपराध केवळ ईश्वराचा नसून राज्याचाही आहे, असा त्यांच्या निवाड्याचा आशय होता. ह्याच हेल साहेबांसमोर १६६२ साली दोन वृद्ध स्त्रिया चेटकाच्या आरोपावरून दोषी ठरल्या होत्या आणि त्यांनी त्यांना फाशी फर्माविली होती. त्यांच्या विद्वत्तेविषयी किंवा सचोटीविषयी त्यांच्या काळी कोणास शंका नव्हती. आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच की, विद्वान व सचोटीचा न्यायाधीशसुद्धा मूळ गृहीतकाच्या पलीकडे जात नाही. आणि गृहीतकच खोटे असेल तर त्याची सचोटी आरोपीच्या काही उपयोगी पडत नाही.

ईश्वराच्या जागी राज्य आल्याने कायदा सौम्य झाला असेल असे कोणास वाटेल, तर त्याने एडिंबरोकडे पाहावे. थॉमस एकनहेड हा तेथील विद्यापीठातला अवघ्या वीस वर्षांचा विद्यार्थी. मित्रमंडळींत तो बायबलाच्या जुन्या कराराला एझ्राच्या दंतकथा म्हणे. थंडीच्या एका रात्री चर्चजवळून जाताना, नरकात असतो तर निदान ऊब तरी मिळाली असती, असे तो बोलल्याचे साक्षीतून आले. साक्षीदार त्याचेच सोबती होते. ह्या वयाचे विद्यार्थी आपापसांत काय बोलतात, हे ज्यांनी वर्गात आयुष्य घालविले आहे त्यांना सांगावयास नको. ह्या वयातली वाक्ये वाऱ्यावर सोडून द्यावयाची असतात. एकनहेडने पश्चात्ताप व्यक्त करून दयेची याचना केली. धर्मसभेने मात्र नास्तिक्याविरुद्धचे कायदे कठोरपणे अमलात आणण्याचा आग्रह धरला, आणि ८ जानेवारी १६९७ रोजी एडिंबरो व लीथ ह्यांच्यामधील रस्त्यावर त्याला फाशी देण्यात आले. ईश्वरनिंदेसाठी ब्रिटनमध्ये दिलेली ती शेवटची फाशी होय.

अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रश्नाला नवीनच वळण लागले. धर्मावर शंका घेणारे ग्रंथ सुशिक्षितांच्या वाचनालयांत पूर्वीपासून होतेच, आणि त्यांबद्दल सरकार फारसे अस्वस्थ नसे. पण थॉमस पेन ह्याचे ‘एज ऑफ रीझन’ सोप्या भाषेत आणि स्वस्त आवृत्तीत निघाले तेव्हा खटल्यांवर खटले सुरू झाले. ते विकल्याबद्दल १८१९ साली रिचर्ड कार्लाइल ह्या पुस्तकविक्रेत्यास तीन वर्षांची कैद व १५०० पौंड दंड झाला, आणि दंड भरता न आल्याने त्याने एकंदर सहा वर्षे तुरुंगात काढली. खटल्यात त्याने ते संपूर्ण पुस्तक वाचून दाखविले. कारण न्यायालयातील कामकाजाचा वृत्तान्त छापता येतो, तेव्हा पुस्तकही त्या वृत्तान्तातून पुन्हा लोकांपुढे जाईल, असा त्याचा हिशेब. तो तुरुंगात असता त्याची पत्नी जेन दुकान चालवू लागली. तिलाही कैद झाली. मग बहीण आली. तिलाही कैद झाली. नंतर गावोगावचे स्वयंसेवक गल्ल्यावर बसू लागले आणि एकामागून एक तुरुंगात गेले. विक्रेता ओळखता येऊ नये म्हणून दुकानात घड्याळासारखी एक तबकडी बसविली होती. गिऱ्हाईकाने काटा पाहिजे त्या पुस्तकाच्या नावावर फिरवून पैसे टाकावेत आणि पडद्यामागून पुस्तक खाली यावे. ह्या युक्तीचे कौतुक वाटते खरे. पण चार पैशांचे पुस्तक विकण्यासाठी माणसाला पडद्याआड लपावे लागावे, ह्याची लाज कोणाला वाटावयास हवी होती?

हा कायदा सर्वांना सारखा लागू होत नव्हता, ह्याचा सज्जड पुरावा १८४१ साली मिळाला. हेन्री हेदरिंग्टन हा मजुरांची वर्तमानपत्रे काढणारा प्रकाशक. ईश्वरनिंदेच्या एका स्वस्त पुस्तिकेबद्दल त्याला नुकतीच चार महिन्यांची कैद झाली होती. त्याने एक प्रयोग केला. शेलीच्या काव्यात ख्रिस्ती धर्माविषयी ह्याहून अधिक तिखट मजकूर आहे, आणि ते काव्य एडवर्ड मॉक्सन ह्या प्रतिष्ठित गृहस्थाने प्रसिद्ध केले आहे. तेव्हा त्याच्यावरही खटला व्हावा, अशी फिर्याद त्याने करविली. ज्यूरीला कायद्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. मॉक्सन दोषी ठरला. परंतु त्याला शिक्षेसाठी न्यायालयात कधी बोलावण्यातच आले नाही. मजकूर एकाच जातीचा, कायदा एकच. फरक कागदाच्या दर्जाचा आणि वाचकांच्या मिळकतीचा होता.

१८५७ साली कॉर्नवॉल परगण्यातील थॉमस पूली ह्या विहिरी खोदणाऱ्या मजुराने एका फाटकावर ख्रिस्ती धर्माविरुद्ध काही शब्द खरडले. त्याबद्दल त्याला एकवीस महिन्यांची कैद फर्माविण्यात आली. पुढे त्याला माफी मिळाली, परंतु मिल्लने आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधात ह्या खटल्याचा उल्लेख केल्यामुळे तो अजरामर झाला. पूलीविरुद्ध सरकारपक्षाचे वकील होते जॉन कोलरिज, आणि न्यायासनावर त्यांचेच वडील बसले होते. हेच कोलरिज पुढे सरन्यायाधीश झाले आणि १८८३ साली त्यांच्यापुढे ‘फ्रीथिंकर’ पत्राचा संपादक जॉर्ज विल्यम फूट उभा राहिला. दुसऱ्या एका अंकातील व्यंगचित्रांबद्दल त्याला आधीच बारा महिन्यांची कैद झाली होती. ह्या वेळी कोलरिज ह्यांनी हेल साहेबांचे तत्त्व बाजूस सारले. वादविवादातील सभ्यता पाळली असेल तर धर्माच्या मूलतत्त्वांवर हल्ला केला तरी तो गुन्हा नव्हे, असे त्यांनी ज्यूरीला सांगितले. ज्यूरीचे एकमत झाले नाही. तथापि फूटची आधीची शिक्षा कायमच राहिली आणि त्याने ती पुरी भोगली.

अशा रीतीने फिर्यादी तिसऱ्यांदा बदलला. आता ईश्वरही गेला, राज्यही गेले, आणि त्यांच्या जागी सभ्यता येऊन बसली. हे तत्त्व उदार आहे असे म्हणण्याची वहिवाट आहे, आणि पूर्वीच्या मानाने ते होतेही. पण सभ्यतेचे माप कोणाच्या हाती? सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे पूर्वी हिंदुस्थान सरकारचे कायदेमंत्री होते. आपल्या पुराव्याच्या कायद्याचे कर्ते तेच. स्वतः न्यायाधीश असलेल्या ह्या गृहस्थांनी ह्या तत्त्वातील दोष लागलीच दाखविला. जो विद्वान नाही आणि वरच्या वर्गातलाही नाही, त्याने मन पेटविणाऱ्या विषयावर विद्वान सद्गृहस्थासारखे लिहिले नाही म्हणून त्याला तुरुंगात कसे धाडता येईल, अशा आशयाचा त्यांचा प्रश्न होता. हा कायदा गाळून टाकावा असेच त्यांचे मत होते. विद्यापीठातल्या अध्यापकाने लॅटिन उताऱ्यांनी सजवून केलेला पाखंडवाद सभ्य. तोच विचार विहिरी खोदणाऱ्याने फाटकावर खरडला तर असभ्य. मॉक्सनला जी सवलत न्यायालयाने मुकाट्याने दिली, तिलाच कोलरिजनी तत्त्वाचे रूप दिले, असे आम्हांस वाटते.

ह्या सभ्यतेपायी तुरुंगात गेलेला शेवटचा मनुष्य जॉन विल्यम गॉट. हा ब्रॅडफर्डचा पाटलुणी विकणारा, प्रकृतीने ढासळलेला मनुष्य. येशूचा जेरुसलेममधील प्रवेश म्हणजे दोन गाढवांवर बसलेला सर्कशीतला विदूषकच, अशी थट्टा त्याच्या पत्रकांत होती. १९२१ साली त्याला नऊ महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली, अपिलातही ती टिकली, आणि सुटकेनंतर लवकरच, १९२२ साली, तो वारला. एकच प्रसंग घेऊन नेलरने भक्तीने नक्कल केली आणि गॉटने थट्टा केली. दोघेही एकाच गुन्ह्यात सापडले. जो गुन्हा परम भक्ताला आणि नास्तिकाला एकाच जाळ्यात पकडतो, त्याचा संबंध ईश्वराच्या मानापमानाशी असेल हे संभवत नाही. रूढ मार्गाने चालणाऱ्यांना जो अस्वस्थ करतो, तो त्या गुन्ह्यात सापडतो, इतकाच त्याचा अर्थ.

त्या काळी ह्या कायद्याविरुद्ध इंग्लंडात ज्यांनी उघड लढा दिला त्यांत चार्ल्स ब्रॅडलॉ अग्रगण्य होते. नास्तिक असल्यामुळे शपथेच्या प्रश्नावरून त्यांना १८८० पासून १८८६ पर्यंत, मतदारांनी पुनःपुन्हा निवडून दिले असताही, पार्लमेंटात बसू देण्यात आले नाही. १८८९ साली त्यांनी हा कायदा रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते नापास झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते मुंबईस राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाला आले आणि आपल्या लोकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. देवाधर्माला मानणाऱ्या हजारो लोकांनी एका निरीश्वरवाद्याला आपला कैवारी मानले, ही गोष्ट आपल्या समाजाला भूषणावह आहे. परंतु घरच्या नास्तिकाला आपण हा मान दिला नाही. त्याच सुमारास पुण्यात आगरकरांची, ते जिवंत असताना, प्रेतयात्रा काढण्यात आली होती. त्या यात्रेने आगरकरांच्या भावना दुखावल्या असतील काय, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

भावना हा शब्द येथे सहज आलेला नाही. आपल्या देशात ह्या गुन्ह्याचा चौथा फिर्यादी भावना हाच आहे. मेकॉले ह्यांच्या १८३७ सालच्या मसुद्यातून जी दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली, तिच्या पंधराव्या प्रकरणात धर्मविषयक गुन्हे आहेत. न्यायबुद्धीने हे कबूल केले पाहिजे की, ते प्रकरण इंग्लंडच्या कायद्याहून पुष्कळ निःपक्षपाती होते. इंग्लंडचा कायदा एकट्या ख्रिस्ती धर्माचे रक्षण करी. आपल्याकडे सर्व धर्मांना एकच माप लावले गेले. कोणता धर्म खरा हे सरकारने ठरवावयाचे नाही, फक्त कोणाच्या धर्मभावना हेतुपुरस्सर दुखावल्या जाऊ नयेत, असे धोरण होते. बहुधर्मी देशात ह्याहून शहाणे धोरण कोणते, असे कोणीही म्हणेल.

त्या धोरणाची परीक्षा लाहोरात झाली. १९२४ साली इस्लामच्या पैगंबरांच्या खाजगी जीवनाची टवाळी करणारी एक पुस्तिका राजपाल नावाच्या प्रकाशकाने काढली. पुस्तिका हीन अभिरुचीची होती, ह्यात वाद नाही. १९२७ साली उच्च न्यायालयाने तत्कालीन कलमात हा गुन्हा बसत नाही म्हणून राजपाल ह्यांस निर्दोष सोडले. मोठा क्षोभ झाला, आणि त्याच वर्षी दंडसंहितेत २९५अ हे नवे कलम घालण्यात आले. धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना ह्या कलमाचा उपद्रव होऊ नये, असा इशारा त्या वेळी कायदेमंडळात बॅ. जिना ह्यांनी दिला होता. कलम झाले, पण शांतता आली नाही. एप्रिल १९२९ मध्ये राजपाल ह्यांचा त्यांच्या दुकानातच खून झाला. भावना शांत करण्यासाठी कायदा केला, आणि भावनेने तर कायद्याची वाटही पाहिली नाही.

पुढचा इतिहास सीमेच्या दोन्ही बाजूंस घडला. पाकिस्तानात त्याच प्रकरणात १९८२ साली २९५ब आणि १९८६ साली २९५क ही कलमे आली. दुसऱ्या कलमात मृत्युदंड आहे आणि आरोपीच्या हेतूचा उल्लेखच नाही. इंग्रजांच्या कलमात ‘हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने’ हा जो अडसर होता, तोही गेला. असिया बीबी ह्या मजूर स्त्रीने ह्या कलमाखाली आठ वर्षे फाशीच्या छायेत काढली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष ठरविले. तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर ह्यांना त्यांच्याच अंगरक्षकाने जानेवारी २०११ मध्ये ठार केले, आणि त्या खुन्यावर न्यायालयाच्या आवारात वकिलांनी फुले उधळली. मुलतानचे एक तरुण अध्यापक जुनैद हफीज ह्यांना २०१३ साली अटक झाली; त्यांचे वकीलपत्र घेणारे राशिद रहमान ह्यांना पुढल्या वर्षी त्यांच्याच कचेरीत गोळ्या घातल्या गेल्या; आणि २०१९ साली हफीज ह्यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली.

आपल्याकडील परिस्थिती इतकी भीषण नाही. पण निश्चिंत राहण्याजोगीही नाही. २०१२ साली मुंबईत विलेपार्ले येथील एका चर्चमधील क्रूसावरून पाणी ठिबकू लागले आणि भाविकांची रीघ लागली. सनल एडमरुकू ह्यांनी पाहणी करून सांगितले की, तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत आहे. दूरचित्रवाणीवरील वादात त्यांनी चमत्कारांच्या बाजारावर टीकाही केली. त्यांच्यावर २९५अ खाली फिर्यादी झाल्या आणि ते देश सोडून फिनलंडला गेले. भिंत ओली का झाली हे सांगणाराला परागंदा व्हावे लागते, तेव्हा ‘प्रामाणिक चिकित्सेला उपद्रव होणार नाही’ ह्या आश्वासनाचे मोल कळते. हेच कलम आता नव्या न्यायसंहितेत २९९ ह्या क्रमांकाने, १ जुलै २०२४ पासून, कायम आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. हा कायदा काढून टाकला तर दंगली होतील, गरिबांचीच घरे जळतील, असे म्हणणारे लोक सद्‌हेतूने म्हणतात. आमचे उत्तर असे की, माणसांविरुद्ध हिंसेला चिथावणी देणाऱ्यास, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, अवश्य शासन व्हावे. तेथे फिर्यादी हाडामांसाचा असतो आणि इजा मोजता येते. भावनेची इजा मात्र ज्याची त्यानेच मोजावयाची असते. जो अधिक लवकर दुखावतो त्याला कायदा अधिक संरक्षण देतो, आणि जो संयमाने ऐकून घेतो त्याच्या पदरी काहीच पडत नाही. म्हणून असा कायदा असहिष्णुतेलाच बक्षीस देतो.

आमच्या पक्षानेही एक गोष्ट विसरू नये. अल्बानियाच्या सरकारने १९६७ साली सर्व मशिदी व चर्चे बंद करून स्वतःला निरीश्वरवादी राष्ट्र म्हणविले. प्रार्थना हाच तेथे गुन्हा झाला. हाही ईश्वरनिंदेचाच कायदा होता, फक्त निंदेचा विषय उलटा होता. नेलरच्या जिभेला भोसकणारी सळई नास्तिकाच्या हाती दिली म्हणून ती थंड होत नाही. आम्ही एकनहेडला जे मागतो तेच नेलरलाही मागितले पाहिजे, अन्यथा आमच्या मागणीला अर्थ नाही.

इंग्लंडने हा गुन्हा अखेर २००८ साली रद्द केला. तेथली चर्चे त्यामुळे कोसळली नाहीत; भाविक पूर्वीसारखेच प्रार्थना करतात आणि न मानणारे पूर्वीसारखेच मानीत नाहीत. ईश्वर, राज्य, सभ्यता आणि भावना असे चार फिर्यादी ह्या गुन्ह्याने बदलले. त्या चौघांच्या नावाने जे पिंजऱ्यात उभे राहिले ते शेतकरी, विद्यार्थी, पुस्तकविक्रेते, विहिरी खोदणारे, पाटलुणी विकणारे आणि मजुरी करणाऱ्या स्त्रिया होत. आपल्या देशात ह्या कलमाचा पुनर्विचार कधीतरी होईल. त्या दिवशी कायदा करणाऱ्यांनी फिर्यादीचे नाव विचारावे, आणि ही आरोपींची यादीही एकदा वाचून पाहावी.